खुंट अमेरिकेचा, द्राक्षं कियांतीची

द्राक्ष बागायतदाराने सप्टेंबरअखेर गाव सोडणं म्हणजे नवरीच्या आईने हळदीच्या दिवशी काशीला निघण्यासारखं आहे. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आलेली. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची टोळी कधी उतरवायची, कोणता प्लॉट आधी धरायचा, पाऊस उघडीप देतो की नाही, सगळं डोक्यात. धाकटा भाऊ मात्र एवढंच म्हणाला, "जा तू. खालच्या प्लॉटमधल्या दोन ओळी तुझ्यासाठी ठेवतो, आल्यावर छाट." यात माया किती आणि टोमणा किती, ते विमानात बसेपर्यंत मला ठरवता आलं नाही.

लेक फ्लॉरेन्सला शिकायला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी फेब्रुवारीत येतो म्हटलं, तर म्हणे, "पप्पा, फेब्रुवारीत इथे नुसत्या काड्या असतात. तुमचा माल गाडीत भरतो तेव्हा इथली झाडं झोपलेली असतात." बिनतोड होतं. निफाड तालुक्यातल्या माणसाने इटलीत जाऊन काड्या काय बघायच्या? शिवाय कुणीतरी जीव लावून सांभाळलेली कॅबर्नेची, म्हणजे वाइनच्या एका लाल द्राक्षजातीची, झाडं मला एकदा बघायची होती. त्यामागे घरातलं एक जुनं दुखणं आहे. तिसऱ्या दिवशी ते निघालंच.

दिवस पहिला : फ्लॉरेन्स

मुंबईहून रोम, रोमहून दीड तासाची झुकझुक नसलेली रेल्वे, दुपारी फ्लॉरेन्स. डुओमोचा, म्हणजे इथल्या मुख्य चर्चचा, घुमट मान दुखेपर्यंत बघितला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितो ते भिंतीतल्या भोकाबद्दल.

जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींत, रस्त्याच्या बाजूला, छातीच्या उंचीवर छोट्या कमानीच्या खिडक्या दिसायला लागल्या. हातभर उंच, वीत-दीड वीत रुंद, काहींना लाकडी दार. सौ. म्हणाली, "दिवा ठेवायची देवळी असेल." लेकीने सांगितलं, ही 'बुकेत्ता देल वीनो', वाइनची खिडकी. शहरातल्या बड्या घराण्यांच्या गावाकडे द्राक्षबागा होत्या. १५५९ मध्ये फ्लॉरेन्सचा तेव्हाचा ड्यूक कोसिमो द मेदिचीने त्यांना आपल्या बागेची वाइन स्वतःच्या वाड्यातून विकायची मुभा दिली. मग वाड्यावाड्याला ही भोकं पडली. गिऱ्हाइकाने दार ठोठवायचं, रिकामी बाटली आणि पैसे आत द्यायचे, आतल्या नोकराने भरलेली बाटली बाहेर सरकवायची. १६३० च्या प्लेगात तर पैसे धातूच्या पळीत घेऊन व्हिनेगरमध्ये बुडवत. असल्या दीडशेच्या वर खिडक्या शहरात अजून आहेत. कोरोनात काहींची दारं पुन्हा उघडली.

मी त्या भोकासमोर बराच वेळ उभा राहिलो. आमच्या गावात काही वर्षांपूर्वी एक व्यापारी अर्ध्या गावाचा माल उचलून, चेक हातात देऊन, रातोरात गायब झाला होता. चेक वटले नाहीत. आमचेही त्यात अडकले. पिकवणारा आणि पिणारा यांच्यात फक्त वीतभर दगड, ही सोय त्या दिवशी मला घुमटापेक्षा मोठी कारागिरी वाटली.

दिवस दुसरा : ग्रेव्हे

फ्लॉरेन्सपासून दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर ग्रेव्हे, कियांती नावाच्या द्राक्षांच्या डोंगराळ पट्ट्यातलं गाव. एसटीसारखीच बस, वळणंही कसारा घाटासारखी. बाजूला ऑलिव्ह, सायप्रस आणि उतारावर द्राक्षांच्या ओळी. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही. कमरेच्या उंचीवर तारा, त्यावर एकाच पातळीत उभी भिंत केल्यासारखी पानं. आमच्या भावाने हे बघितलं असतं तर म्हणाला असता, अरे ही बाग की कुंपण?

ग्रेव्हेचा चौक त्रिकोणी आहे. मधोमध जोव्हान्नी दा व्हेराझ्झानोचा पुतळा. हा याच भागातला, १५२४ मध्ये न्यूयॉर्कच्या खाडीत शिरलेला पहिला युरोपियन दर्यावर्दी. सौ.ला पुतळ्यापेक्षा पावाने धक्का दिला. "मीठच विसरली की हो बाई!" विसरली नव्हती. टस्कनीत, म्हणजे फ्लॉरेन्सच्या या प्रांतात, पावात मीठ घालायचंच नाही, ही शेकडो वर्षांची रीत आहे. पिशवीतली शेंगदाण्याची चटणी निघाली आणि प्रश्न मिटला.

आमचा मुक्काम गावाबाहेर एका घरच्या वाइनरीत. माणसं साधी आहेत, त्यांचं नाव इथे लिहीत नाही. अकरा हेक्टर बाग, म्हणजे आपले सत्तावीस एकर. ऐंशीच्या पुढचे आजोबा, ज्यांना सगळे 'नोन्नो' म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. मुलगा ट्रॅक्टर आणि हिशेब बघतो. वाइन बनवते ती तिशीतली नात.

संध्याकाळी ओसरीवर नोन्नोंनी स्वतःची हकिगत सांगितली, लेक मराठीत करून सांगत होती. त्यांचे वडील या जमिनीचे मालक नव्हते, 'मेद्झाद्रो' होते. अर्धं पीक मालकाला, अर्धं कसणाऱ्याला. मी म्हटलं, "म्हणजे अर्धलीने, बटईने." १९६४ च्या कायद्याने असले नवे करार बंद झाले, कसणारे शहरातल्या कारखान्यांकडे पळाले, शिवारं ओस पडली. यांच्या वडिलांनी त्या पडत्या काळात कर्ज काढून ही जमीन घेतली. नोन्नो म्हणाले, "लोक पळत होते तेव्हा आम्ही लावत होतो." हे सांगताना त्यांनी पायाने जमीन दाबून दाखवली. माती म्हणजे निम्मी खडी. पापुद्रे निघणारा 'गालेस्त्रो' आणि पांढरट चुनखडीचा 'अल्बेरेझे'. आमच्या काळ्या रानातल्या माणसाला ही जमीन कुणी फुकट दिली तरी घ्यायला दोनदा विचार करावा लागेल.

दिवस तिसरा : तोडा

सकाळी सातला थंडी, झाडांवर दव. तोडणाऱ्यांत दोघे-तिघे अल्बानियाचे, एक सेनेगलचा, आणि एक होशियारपूरचा. त्याला हिंदीत बोलताना ऐकून सौ.च्या जिवात जीव आला. त्याने पहिली सूचना दिली ती गांधीलमाश्यांची : "भाभीजी, गुच्छे के पीछे हाथ मत डालना." आमच्याकडे हेच आम्ही नव्या मजुराला सांगतो.

मर्लो ही जात आठवड्यापूर्वीच तोडून झाली होती आणि टाकीत आंबत होती. आज सांजोवेझेचा दिवस. कॅबर्नेला अजून आठ-दहा दिवस होते. सांजोवेझे हा इथला घरचा मालक. कियांती क्लासिको, म्हणजे कियांतीच्या मूळ जुन्या पट्ट्याची वाइन, म्हणून बाटली विकायची तर तिच्यात किमान ८० टक्के सांजोवेझे लागते. उरलेल्या २० टक्क्यांत बाकीच्या लाल द्राक्षांना जागा : इथल्याच कानायोलो, कोलोरीनो, किंवा बाहेरच्या कॅबर्ने, मर्लो, सिरा.

मी घरून ब्रिक्स मीटर, रसाची गोडी मोजायचं यंत्र, नेला होता. बागायतदार देवळात जाताना हार विसरेल, परक्या बागेत जाताना ब्रिक्स मीटर विसरणार नाही. एक मणी काचेवर चिरडला, सूर्याकडे धरून बघितलं : साडेतेवीस. आमची थॉमसन अठरा-एकोणीसला पोचली की आम्ही व्यापाऱ्याला फोन करतो. नातीने तिचा मीटर त्याच रसावर धरला आणि म्हणाली, वीस. आता भांडण! दोघांनी मीटर पुसले, पुन्हा तोच आकडा. मग कळलं, तिचा मीटर 'बाबो' मापाचा. ब्रिक्समध्ये रसात विरघळलेलं सगळंच मोजलं जातं, बाबोत फक्त साखर, म्हणून तो आकडा नेहमी खाली. सौ. म्हणाली, "बरं झालं, मला वाटलं आता इटलीशी तंटा."

पण साखरेवर तिचं समाधान नव्हतं. तिने मणी तोंडात टाकला, साल चघळली, बी दातांनी फोडली आणि मलाही तसंच करायला सांगितलं. बी हिरवी असेल तर तुरट लागते. तपकिरी झाली, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरली, की तोडायची. मला हसू आलं. आमची हयात बी घालवण्यात गेली. बी नको, साल पातळ हवी, मणी फुगलेला हवा. इथे मणी जेवढा लहान तेवढा बरा, कारण रंग आणि चव सालीत. मणी फुगवायला जी.ए.चं, म्हणजे जिबरेलिक ॲसिडचं, बुडवण नाही, फुगवण नाही. आणि माल किती? कियांती क्लासिकोत हेक्टरी साडेसात टनाच्या वर घ्यायचंच नाही असा नियम. म्हणजे एकरी तीस क्विंटल. आम्ही एकरी शंभराच्या खाली आलो तर भावकीत तोंड दाखवत नाही. ऑगस्टमध्ये यांनी चांगले हिरवे घड कापून जमिनीवर टाकले होते, ते वाळून तिथेच पडलेले. पायाखाली ते यायचे आणि माझं पाऊल आपोआप बाजूला पडायचं.

पाणीही नाही. झाड मरायला टेकलं तर तेवढ्यापुरतं द्यायची परवानगी, एरवी सिंचन बंद. ठिबकच्या नळ्यांशिवायची बाग मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

अकराच्या सुमारास ओळीच्या टोकाला बसलो. एका झाडाच्या बुंध्यातून, कलमाच्या गाठीच्या खालून, एक कोंब वर आला होता. पान वेगळं. मी सवयीने तो मुळाशी धरून ओढून काढला आणि मग घाबरलो, दुसऱ्याच्या बागेत हात घातला म्हणून. नोन्नो बघत होते. हसले. काठीने गाठीखालचं खोड, म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो खुंट, दाखवून म्हणाले, "चेंतोदिएची एर्रे." लेक म्हणाली, "एकशे दहा आर." मी ओरडलोच, "एकशे दहा आर! आमच्याकडे पण!" आमचे दोन प्लॉट डॉगरिजवर आणि एक ११० आर वर आहे. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि खुंटाचा नंबर सारखा निघाला.

त्यामागची गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फायलोक्झेरा नावाची मुळांतला रस शोषणारी कीड युरोपात आली. १८७९ मध्ये ती इटलीत सापडली. औषध मिळालं नाही. ज्या देशातून कीड आली तिथल्याच रानटी वेलीच्या मुळांना ती सोसते, म्हणून मुळं अमेरिकेची आणि वर कलम आपलं, हा तोडगा निघाला. आजही तो तसाच आहे. म्हणजे ही सांजोवेझे, जिच्या नावाचा अर्थ इथली माणसं 'ज्युपिटरचं रक्त' असा लावतात, ती शतकाहून जास्त काळ परक्या पायांवर उभी आहे. आमच्याकडे खुंट आला तो किडीमुळे नव्हे, पाण्याच्या तुटवड्यामुळे आणि खारट जमिनीमुळे, तोही टेक्सासकडचा.

तेवढ्यात नोन्नोंनी सरळ प्रश्न टाकला : "तुमची गावठी जात कोणती?"

मी अडखळलो. थॉमसन म्हणावं, तर ते नाव कॅलिफोर्नियातल्या एका थॉमसनचं, आणि वेल त्याच्याही आधी इराण-तुर्कस्तानकडची. आजोबांच्या वेळी भोकरी होती, बियांची. मी लहानपणी खाल्ली आहे, आता शोधून सापडणार नाही. मग आठवलं. त्याच थॉमसनमध्ये एखाद्या झाडाची एखादी काडी वेगळी निघाली, ती शेतकऱ्याच्या नजरेने टिपली, आणि तासगावकडून 'तास-ए-गणेश' आली, सोलापूरच्या नान्नजमधून नानासाहेब काळ्यांची 'सोनाका' आली. लांबट मण्यांची सोनाका मी हाताने हवेत काढून दाखवली. नोन्नो म्हणाले, "मग ती तुमचीच." इतक्या झटकन तर आमची कृषी अधिकारी मंडळीही निकाल देत नाहीत.

दुपारी त्यांनी कॅबर्नेच्या तुकड्यात नेलं. पाऊण एकर असेल. घड लहान, मणी गोळीएवढा, निळाकाळा, साल जाड. तोंडात टाकला आणि ढोबळ्या मिरचीचा तो ओळखीचा हिरवट वास आला.

२००६ मध्ये वडिलांनी दोन एकर कॅबर्ने लावली होती. राज्याचं वाइन धोरण २००१ मध्ये आलेलं, तालुक्यात विंचूरला वाइन पार्क, सगळीकडे एकच चर्चा. एका कंपनीशी करार झाला. पहिली दोन वर्षं माल गेला, पैसे आले. मग मंदी आली, आणि २०१० च्या हंगामात कंपनीने फोन उचलणं बंद केलं. वाइनची द्राक्षं बाजारात कोण घेणार? बियांची, जाड सालीची, चिमूटभर मणी. माल झाडावरच राहिला. फाटलेल्या मण्यांवर मधमाश्यांचं मोहोळ उठलं, बागेत गेलं की आंबूस वास यायचा. मार्चअखेर जेसीबी लावला. वडील बांधावर पाठ करून उभे होते. ती खोडं दोन वर्षं चुलीला पुरली. तालुक्यात असं करणारे आम्ही एकटे नव्हतो.

तेव्हापासून घरात समज एकच : ती परकी जात आपल्याला लाभली नाही. नोन्नोंच्या बागेत तो मणी चावताना मला आमच्या मण्याची चव आठवली आणि लख्ख कळलं की आमची कॅबर्ने चांगली होती. झाडाने आपलं काम केलं होतं. तिला चिरडणारी टाकी आमची नव्हती, एवढंच. मी हे लेकीला सांगितलं. तिने भाषांतर केलं नाही, नुसता माझा हात धरला.

दिवस चौथा : पाऊस आणि ब्रोलिओ

पहाटे पाऊस. तोडा बंद. स्वयंपाकघरात सगळे खिडकीकडे तोंड करून बसले होते, कुणी बोलत नव्हतं. ते चेहरे मला नवे नाहीत. घरी फोन केला; निफाडलाही पाऊस. भाऊ म्हणाला, "छाटणी आठ दिवस पुढे ढकलली. छाटून पाऊस लागला तर डावण्या रोग येणार, घड कुजणार. तू ये निवांत."

नातीच्या वडिलांनी गाडी दिली आणि आम्ही ब्रोलिओचा किल्ला बघायला गेलो. ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे असलेला हा किल्ला. याच घरातले बेत्तिनो रिकासोली हे एकसंध इटलीचे दुसरे पंतप्रधान. राजकारणातून वेळ काढून ते फ्रान्स-जर्मनीत फिरले, परक्या जाती आणून लावून बघितल्या, आणि १८७२ मध्ये पिसाच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहून आपला निष्कर्ष कळवला. सुगंध आणि जोम सांजोवेझेचा, तिचा कडकपणा मऊ करायला कानायोलो, आणि रोजच्या, लवकर संपवायच्या वाइनमध्ये हलकेपणासाठी पांढरी माल्व्हाझिया. ठेवायच्या वाइनमध्ये मात्र ती शक्यतो नको.

पुढे काय झालं ते आपल्या सरकारी कामकाजाची आठवण करून देणारं आहे. १९६७ मध्ये कियांतीचे अधिकृत नियम झाले, त्यांत पांढरी द्राक्षं १० ते ३० टक्के घालणं सक्तीचं केलं! 'शक्यतो नको'चं 'घातलीच पाहिजे' झालं. वाइन पातळ, रंग फिका, गवताच्या वेष्टणातल्या फुगीर बाटलीत स्वस्तात विकायची. मग काही घराण्यांनी नियमच सोडले. १३८५ पासून या धंद्यात असलेल्या अँतिनोरींनी १९७१ च्या पिकाची तिन्यानेल्लो ही वाइन कियांती न म्हणता साधी 'टेबल वाइन' म्हणून बाजारात आणली. जाकोमो ताकिस हे त्यांचे वाइनतज्ज्ञ. १९७५ पर्यंत पांढरी द्राक्षं पूर्ण काढली, सांजोवेझेच्या जोडीला कॅबर्ने आली. समुद्राकडच्या बोल्गेरीत तर कॅबर्नेचीच सास्सिकाया झाली, बाजारात आली ती १९६८ च्या पिकापासून. लेबलवर सगळ्यात खालचा दर्जा आणि किंमत सगळ्यात वरची. पांढऱ्या द्राक्षांची सक्ती पूर्ण उठवायला सरकारला १९९६ उजाडलं. तेव्हा निव्वळ सांजोवेझेला परवानगी मिळाली. पांढरी द्राक्षं तर २००६ मध्ये बंद झाली. तेच वर्ष, वडिलांनी कॅबर्ने लावली ते.

आणि गंमत अशी की पलीकडच्या कार्मिन्यानोत कॅबर्नेला जुनी माणसं 'ऊव्हा फ्रान्चेस्का' म्हणत, फ्रान्सची द्राक्षं. मेदिची घराण्याच्या काळापासून ती तिथे आहेत असं सांगतात. किती पिढ्यांनी पाहुणा घरचा होतो?

परतताना काळ्या कोंबड्याची गोष्ट ऐकली, जो कियांती क्लासिकोच्या प्रत्येक बाटलीवर असतो. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या राज्यांत हद्दीचा तंटा. ठरलं की कोंबडा आरवला की दोन्हीकडून घोडेस्वार निघतील, जिथे भेटतील ती हद्द. सिएनाने पांढऱ्या कोंबड्याला खाऊ घालून गुटगुटीत केलं, फ्लॉरेन्सने काळ्याला उपाशी ठेवलं. उपाशी कोंबडा उजाडायच्या कितीतरी आधी आरवला आणि जवळपास सगळी कियांती फ्लॉरेन्सकडे गेली. मजुरांच्या टोळीचा मुकादम पहाटे चारला का हाका मारतो, ते मला आता समजलं.

दिवस पाचवा : तळघर, माळा आणि तीन पेले

ऊन पडलं, पानं वाळली, तोडा पुन्हा सुरू. आज आम्ही आत होतो. घड देठ काढायच्या यंत्रात, मणी स्टीलच्या टाकीत. आंबताना साली वर तरंगून जाड थर होतो, म्हणून दिवसातून दोनदा-तीनदा खालचा रस पंपाने वर सोडून तो थर भिजवायचा. मर्लोच्या टाकीवर मी कान लावला. आतून खिचडी शिजल्यासारखा आवाज. पुढे मोठमोठी स्लाव्होनियन ओकची पिंपं, माणूस आत उभा राहील अशी. आणि कोपऱ्यात २२५ लिटरच्या काही फ्रेंच 'बारिक', म्हणजे छोटी पिंपं. त्याही मर्लोसोबतच आल्या, नातीने जरा तिरकसपणे सांगितलं.

माळ्यावर गेलो आणि मला एकदम तासगावच्या बेदाणा शेडमध्ये आल्यासारखं झालं. वेताच्या चटयांवर पांढरी त्रेब्बियानो आणि माल्व्हाझिया वाळत घातलेली. आमच्यासारखं डिपिंग ऑइल नाही, नुसता वारा. काही महिने सुकवून, पिळून, छोट्या पिंपांत भरून, तोंड बंद करून वर्षानुवर्षं त्याच माळ्यावर ठेवायची. उन्हाळ्यात तापते, हिवाळ्यात गारठते, अर्धी उडून जाते. ती 'व्हिन सान्तो'. घरी पाहुणा आला की बदामाच्या कडक बिस्किटाबरोबर देतात. वाइनमधून हाकललेल्या पांढऱ्या द्राक्षांनी माळा धरून ठेवला आहे.

रात्री जेवणात रिबोल्लिता होती, शिळ्या पावाची, घेवड्याची, पालेभाजीची. सौ. म्हणाली, "कुस्कराच हा, फक्त यांनी त्यात पाणी घातलं." जेवण झाल्यावर नातीने तीन पेले, शंभर मिलिलिटरचं मोजपात्र आणि गेल्या वर्षीच्या वाइनचे नमुने आणले. मग खरं घरगुती भांडण उघड्यावर आलं.

नोन्नोंनी १९९७ मध्ये दीड एकर मर्लो लावली. तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाला मऊ, गडद, लवकर पिता येणारी वाइन हवी होती आणि एकट्या सांजोवेझेची आंबट धार कुणाला नको होती. त्या मर्लोने कर्ज फेडलं. नातीला ती मर्लो आता डोक्यावरून कापून तिच्यावर कोलोरीनोचं कलम करायचं आहे. तिचाही मुद्दा खरा. कियांती क्लासिकोच्या उत्पादक संघाने २०२१ मध्ये ठरवलं की सगळ्यात वरच्या, 'ग्रान सेलेत्सिओने' दर्जाच्या वाइनमध्ये सांजोवेझे किमान ९० टक्के हवी आणि उरलेल्यात फक्त इथल्याच जाती. मर्लोला तिथे दार बंद. नोन्नो म्हणतात, साध्या बाटलीत चालते ना? मग पंचवीस वर्षांच्या झाडाचा गळा कशाला कापायचा?

सौ. माळकरी घरातली, थेंब घेत नाही. पण नाक तिचं. गावात कुणाचा मसाला कुटायचा असला की खोबरं-दगडफुलाचं प्रमाण तिला विचारतात. नातीने पाठ करून तीन पेले भरले आणि म्हणाली, यांनी फक्त वास घेऊन सांगावं.

पहिला पेला. सौ.ने डोळे मिटले. "चिंचेचं सार उकळायला लागलं की येतो तसा. चांगला आहे, पण एकटा आहे." दुसरा. "ही गुळगुळीत. आमटी आंबट झाली म्हणून गूळ टाकून सारखी केलीय. सगळ्यांना आवडेल." तिसरा. "ही तोंड मिटून बसलीय." तिने दुसऱ्याकडे बोट केलं. नोन्नोंनी टेबलावर थाप मारली : दुसरीत दहा टक्के मर्लो होती! पहिली निव्वळ सांजोवेझे, तिसरीत सहा टक्के कोलोरीनो आणि चार कानायोलो.

नोन्नो जिंकले असं वाटून आम्ही बाकीच्या गप्पांना लागलो. कोलोरीनोचा रंग बोटावर लागला की दोन दिवस जात नाही, वगैरे. दहा-पंधरा मिनिटांनी सौ.ने उगाच, टेबल आवरता आवरता, तिसरा पेला पुन्हा नाकाशी नेला. "अहो, ही बघा. मघाशी गप्प होती ना, आता बोलायला लागली. कारळं भाजल्यासारखं काहीतरी. आणि ती गुळाची मात्र होती तिथेच आहे." लेकीने सांगितलं. नातीने वहीत पेन्सिलीने लिहून घेतलं. नोन्नोंनी तिसरा पेला ओढून घेतला, वास घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे तेव्हा पंधरा मिनिटं थांबणारं गिऱ्हाईक नव्हतं."

मर्लोचं काय करायचं ते ठरलं नाही. नात म्हणाली, अर्ध्या ओळी कापते. नोन्नो म्हणाले, माझ्यामागे. ती म्हणाली, फेब्रुवारीत. हे संभाषण त्यांच्यात दर वर्षी होत असावं, कारण मुलगा मधेच उठून झोपायला गेला.

दिवस सहावा

निरोप. कोलोरीनोची एक काडी बॅगेत टाकायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण परदेशी काडीबरोबर काय काय येतं ते फायलोक्झेराने शिकवलंय, आणि विमानतळावरचं क्वारंटाइनही आहे. दोन बाटल्या मात्र घेतल्या. नातीने कागदात गुंडाळून दिल्या, थेट त्यांच्या दारातून. पैसे मी खिडकीतून द्यायला गेलो, लेकीशिवाय कुणाला विनोद कळला नाही.

घरी

पाऊस उघडल्यावर भावाने सगळ्या बागेची छाटणी उरकली होती. खालच्या प्लॉटच्या दोन ओळी खरंच ठेवल्या होत्या. सकाळी कात्री घेऊन गेलो. वडीलही काठी टेकत आले, बांधावर बसले. मी त्यांना कॅबर्नेचं सांगितलं, की ती आपली चांगली होती. ते म्हणाले, "मला माहीत होतं." आणि मग, "ती चौथी काडी आखूड घे, डोळा बारीक आहे."

सातव्या झाडाशी खाली वाकलो तर गाठीखालून खुंटाची फूट आलेली, पानं वेगळी, पावसाने तरारलेली. धरली, ओढली, बांधाकडे फेकली आणि आठव्या झाडाकडे सरकलो.